जाळीतलं भोक

कुठलं कॉलेज पुरुषांच्या बास्केटबॉलवर किती पैसा उधळतं, त्याचा तक्ता पेपरात आला होता. निवृत्त कोच डेलबर्टला आपलं कॉलेज सगळ्यात तळाला सापडलं.

"अजून शेवटचेच आहोत गं!" तो खुशीत म्हणाला.

"निदान जाळ्या तरी विकत घेत असतील आता," बायको ओपल म्हणाली.

एकाहत्तर साली डेलबर्टचा संघ अजिंक्य ठरला, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बास्केटची जाळी कापून एकेक तुकडा आठवण म्हणून नेला होता. सोमवारी सरावाला जाळीच नव्हती, आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. डेलबर्टने पोरांना दटावून तुकडे परत आणवले, ओपलने ते गाठी मारून जोडले.

"तरी एक भोक राहिलंच," ओपल म्हणाली. "तुकडा दाबला तो तुझ्या संघातल्या त्या लांबुडक्या एल्डननेच. म्हणून तर मी त्याच्या लग्नालासुद्धा गेले नाही."

डेलबर्टने पाकीट उघडलं आणि जाळीचा पिवळा पडलेला दोरा तिच्यापुढे ठेवला.

"शेवटची कात्री कोचची असते, ओपल."

ओपलने दोरा उचलून पाहिला. मग तिने फोन पुढे ओढला.

"एल्डनचा नंबर सांग."