बावीस की बत्तीस

"पॉइंट बावीसला झटका कमी, वहिनींच्या हातालाही पेलेल," काउंटरवर दोन पिस्तुलं ठेवत दुकानदार म्हणाला. "पण माणूस जागच्या जागी थांबवायचा, तर पॉइंट बत्तीस."

"बत्तीसच द्या," मंदार म्हणाला.

मी आणि ओवी दिवसभर घरी एकट्या असतो म्हणून लायसन्स काढलं, असं त्यानेच मला सांगितलं होतं. मग माझ्या हाताला काय पेलतं, हे तो का विचारत नव्हता?

"समोरचा साधारण किती लांब असेल, साहेब?"

"टेबलाच्या पलीकडे," मंदार चटकन बोलून गेला.

"चोराला बसवून चहा पाजणार की काय?" दुकानदार हसला. मंदारही हसला, माझ्याकडे न बघता.

ऑफिसात त्याच्या टेबलापलीकडे एकच माणूस बसतो. त्याचा पार्टनर, माझा सख्खा दादा. धंद्याच्या वाटणीवरून हल्ली दोघांचे आवाज सारखे चढलेले असतात.

ओवीला कडेवर घेऊन मी दुकानाबाहेर आले आणि दादाला फोन लावला.

"दादा, ऐक, मंदार आत्ता..."

"बत्तीसच घेतोय ना?" दादा शांतपणे म्हणाला. "माझंही तेच आहे."