गोलाचं दार

थोरला तापाने गेल्यापासून बंद असलेली त्याची खोली आई आज पुसायला आली आणि पायांत घुटमळणाऱ्या धाकटीला आकार ओळखायला शिकवू लागली. "घड्याळ?" "गोल!" "उशी?" "आयत!" "आणि खिडकीची काच?" आईने फडकं उचललं. "चौकोन!" म्हणत धाकटीने गार काचेवर तोंडाची वाफ सोडली. वाफेत बोटाने काढलेला जुना गोल उमटला, टोकं न जुळलेला. फडकं हवेतच थांबलं. थोरल्याचा एकही गोल पुरा होत नसे. "अरे धांदरटा, गोलाचं दार लाव की, आतल्या मुंग्या पळतील!" आई त्याला चिडवायची. "आई, दादाने दार उघडंच ठेवलंय! मी लावू?" धाकटीने बोट पुढे केलं. "नको गं!" आईने ते धरलं. "उघडंच राहू दे." वाफ विरली, गोल दिसेनासा झाला. फडकं टाकून आईने ओठ काचेजवळ नेले आणि हळूच श्वास सोडला.