वीस लिटरचा कॅन

म्हाताऱ्याने कॅन उचलून ट्रॅक्टरच्या टाकीवर टेकवला, नरसाळ्यातून सगळं डिझेल आत सोडलं आणि फड जिंकल्यासारखं वेल्डरकडे बघितलं. वय एकाहत्तर. खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. आणि कॅन वीस लिटरचा.

“आता सांग, मला स्टँड कशाला हवाय?”

वेल्डर बिचारा नुसता माप घ्यायला आला होता. त्याला बोलावलं होतं म्हातारीने. काम साधंच होतं. डिझेलचं बॅरल उंच लोखंडी स्टँडवर चढवायचं, त्याला पाइप जोडायचा, खाली ट्रॅक्टर उभा करून तोटी सोडायची. टाकी आपली आपण भरते. उचलणं नाही, सांडणं नाही. घरपोच डिझेल देणारा गाडीवाला त्याच्या पंपाने बॅरल वरच्या वर भरून देणार होता. पण सोपं म्हटलं की म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडायची.

त्यालाही कारण होतं. ऑपरेशननंतर मुलगा घरी आला तो ट्रॅक्टर विकायचा असं ठरवूनच. बापलेकांचं चांगलंच वाजलं. शेवटी मुलगा म्हणाला, भरलेला कॅन उचलून दाखवा, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या. म्हातारीने कोठीतल्या बॅरलमधून कॅन भरून आणला. म्हाताऱ्याने दात-ओठ खाल्ले आणि उचलला. मुलगा किल्ली न घेताच परत गेला. तेव्हापासून दर रविवारी फोनवर तो एकच विचारायचा, कॅन उचलता ना अजून? ट्रॅक्टर गेला की आपलं या घरात काम संपलं, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं होतं. स्टँड उभा राहिला म्हणजे बापाचा खांदा गेला, असंच मुलगा समजणार.

वेल्डरने विषय बदलला. बॅरल केवढं ठेवायचं त्याचा अंदाज घ्यावा म्हणून रोज डिझेल किती लागतं ते विचारलं.

“एक कॅन,” म्हातारा म्हणाला. “सकाळी भरला की दिवसभर बघायला नको.”

रोज सहा-सात तास नांगरट, आणि एक कॅन? वेल्डरने आयुष्यात चिकार ट्रॅक्टर बघितले होते. पण म्हाताऱ्याची गाडी आता सुटली होती. इंजिन कसं जपावं लागतं, फिल्टर कधी बदलावा, हल्लीची पोरं कशी दणादण रेस देतात, सगळं झालं. इतरांची इंजिनं डिझेल पितात, माझं नुसतं हुंगतं, हे तो वर्षभर चारचौघांत सांगत आला होता. ऐकणारे तोंडात बोट घालायचे आणि घरी जाऊन आपापल्या ट्रॅक्टरला शिव्या द्यायचे.

म्हातारी चहा घेऊन आली. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. कणीक तिंबताना लचकलं, असं ती म्हणाली होती आणि पट्टी म्हाताऱ्यानेच आणून दिली होती. कप ठेवायला जागा हवी म्हणून वेल्डर तिने उद्यासाठी भरून ठेवलेला दुसरा कॅन बाजूला करायला वाकला. वीस लिटर म्हणून त्याने चांगला जोर लावला. कॅन झटकन वर आला आणि वेल्डर दोन पावलं मागे धडपडला.

म्हातारीला खोकला आला. वेल्डरने तिच्याकडे बघितलं आणि कॅन हळूच खाली ठेवला. पण म्हाताऱ्याने बघायचं ते बघितलं होतं.

त्याने कॅनचं झाकण काढलं आणि आत डोकावला. निळा जाड कॅन, बाहेरून काही कळायची सोय नव्हती. आत निम्म्याच्याही खाली डिझेल होतं.

“काका, गळला असेल,” वेल्डर म्हणाला. जमीन कोरडी ठणठणीत होती.

म्हाताऱ्याने टाकीकडे बघितलं, मग चाकाशेजारी पालथ्या घातलेल्या लाकडी खोक्याकडे. खोक्यामागे पत्र्याचा एक मग होता. बागेचं पाणी घालायचा मग इथे काय करतोय, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून जेवण झालं की तो तासभर झोपायचा, आणि झोपेतून उठला की हातात चहा यायचा. त्या चहाला डिझेलचा वास येतो म्हणून त्याने कितीदा कुरकुर केली होती. ती म्हणायची, तुमचेच हात धुवा नीट. आणि तो मुकाट्याने जाऊन पुन्हा साबण लावायचा.

त्याने कॅनला झाकण परत लावलं. म्हातारी कपाकडे बघत उभी राहिली. फुकट बढाया मारल्याची लाज त्याला वाटली, पण ती लगेच विरून गेली. बाईने खोक्यावर चढून, मगामगाने ओतून, वर्षभर आपली मान ताठ ठेवली होती. आणि आपण श्रेय दिलं ते फिल्टरला. त्याने चहाचा घोट घेतला. वास आजही होता. त्याने कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

“स्टँड कर,” तो म्हणाला. “पोराला मीच सांगतो.”

वेल्डरने हायसं वाटून टेप काढला. पाइप टाकीत धरायला खाली एक पायरी लागणार होती. ती किती उंच करायची ते ठरवायला तो टेप घेऊन म्हाताऱ्याच्या खांद्यापाशी आला.

म्हाताऱ्याने टेपचं टोक हातात घेतलं आणि म्हातारीच्या खांद्याला लावलं.

“माप हिचं घे. टाकी हीच भरते.”