देवाची मूठ

दवाखान्यातून शांतवनबाबांची म्हातारी गेल्याचा निरोप आला आणि अंगण माणसांनी भरलं. शेजारची राहेल दारात येऊन म्हणाली, "बाबा, लांबची माणसं उपाशी आहेत. मी शिजवते, पण माझे तांदूळ पुरायचे नाहीत." बाबांनी मान वर न करता फळीवरचा डबा दाखवला.

जेवणं उरकल्यावर नात रडतच आली. "आजोबा, तो डबा कशाला दिलात? ती देवाची मूठ होती!"

रोज भात लावण्याआधी म्हातारी मूठभर तांदूळ त्या डब्यात टाकायची, नात सुट्टीला आली की तिलाही टाकायला लावायची. कापणीच्या सणाला डबा चर्चमध्ये नेऊन वाहायची. घरात उपास पडले, पण त्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

"पुन्हा भरू गं, दोघं मिळून," बाबा म्हणाले.

पण नात आईबापांबरोबर पुण्याला परतली. बाबांची चूल पेटलीच नाही. राहेलकडून ताट यायचं, आणि शिजल्या अन्नातून मूठ निघत नाही.

"माझे तांदूळ न्या की, बाबा. देवाला काय कळतंय?" सणाच्या सकाळी राहेल म्हणाली.

"त्याला नसेल कळत. तिला कळेल."

म्हातारीची या सालची मूठ द्यायची राहिली.