डावीकडे सैल

मशीनचं चाक गरगर फिरत होतं, पण सुईत दोराच नव्हता. शिंपीणबाईच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात बसून ती एकाच बंदावरून पुन्हा पुन्हा सुई चालवत होती, आणि नजर मैदानातल्या पांढऱ्या गाडीच्या दाराला चिकटली होती.

गाडी शहरातल्या दवाखान्याची. आत छातीची तपासणी करायचं यंत्र. मागच्या खेपेला हीच गाडी आली तेव्हा वस्तीतली एकही बाई तिची पायरी चढली नव्हती. तिथले झगे पातळ, पाठ उघडी टाकणारे. असलं काही अंगात घालून परक्यासमोर उभं राहण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणून बायका आल्या पावली घरी गेल्या होत्या. म्हणून या वेळी नर्सबाई आधीच येऊन शिंपीणबाईच्या दारात बसल्या. तुम्हीच सांगा, कसला झगा हवा? मग तिने जाड कापडाचे, लांब बाह्यांचे, पुढून बांधायचे झगे शिवून दिले. आता बायका हसत, कुजबुजत रांगेत उभ्या होत्या. एखादा बंद तुटला, कुठे उसवलं तर हाताशी असावी म्हणून तिला मशीनसकट इथे बसवलं होतं.

तिला ते पथ्यावरच पडलं. कामात असलेल्या बाईला रांगेत ये म्हणून कोण म्हणणार?

डाव्या काखेशी गाठ होती, बोराएवढी. आंघोळ करताना हाताला लागली त्या दिवसापासून तिने तिथे साबण लावणंच सोडलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या आजाराचं नाव वस्तीत कुणी घेत नसे; नाव घेतलं की तो घर विचारत येतो म्हणे. त्यातून पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. आईला असलं काही निघालं तर पोरीला करून कोण घेणार? तेव्हा बघायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण रोज पहाटे जाग आली की हात आपोआप तिथे जायचा. गाठ असायचीच. मग ती छताकडे बघत पडून राहायची.

गाडीचं दार उघडलं. तिची नणंद पदर सावरत खाली उतरली. या नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

"वहिनी, सगळ्यांना गाडीत चढवलंस आणि स्वतः मशीनमागे लपलीस होय? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"काम आहे, वन्सं."

"कसलं काम? आणि एवढी नावाजलेली तू, झगा कसला गं शिवलास? उजवीकडे माझा जीव आवळला, आणि डावीकडे आणखी एक बाई मावली असती!"

"माझाही तसाच होता," आधी तपासून आलेली शेजारीण म्हणाली. "डावीकडे सैल."

"माझाही!"

"शिंपीणबाई, आता चष्मा घ्या!"

रांगेत हसू पिकलं. शिंपीणबाईने हसायचा प्रयत्न केला, पण ओठ हलेनात. तिने शेजारच्या ढिगातला एक झगा ओढला, मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांची डावी शिलाई बाहेर सरकलेली.

नर्सबाईंनी कुणाचं माप दिलं नव्हतं. माप नसलं की पहिला कपडा आपल्याच अंगात घालून बघायचा, ही तिची जुनी सवय. तो डावीकडे रुतला तशी तिने शिलाई उसवली, सैल केली, पुन्हा घातला. मग बाकीचे सगळे त्या पहिल्याबरहुकूम शिवले. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. स्वतःची पोलकी तर ती कधीपासून तशीच सैल करत होती.

गाडीच्या दारात नर्सबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या हसत नव्हत्या. खाली उतरून जवळ आल्या, ढिगातला एक झगा उचलून त्यांनी डाव्या शिलाईवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "बाई, शिवताना हा कुणी घालून पाहिला होता?"

नणंदेने एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा वहिनीच्या काखेशी आवळून धरलेल्या हाताकडे, आणि मग मशीनच्या रिकाम्या सुईकडे. तिचं हसू मावळलं.

"वहिनी…"

"मला भीती वाटते हो, वन्सं."

"मी तरी कुठे धीराची? आत डोळे गच्च मिटून उभी होते." नणंदेने वाकून मशीनचं अजून फिरणारं चाक हाताने थांबवलं. "ऊठ. मी दाराशी उभी राहते."

शिंपीणबाई पायरी चढली. आत पडद्यामागे तिने पोलकं काढलं, झगा अंगात घातला, पुढून बंद बांधला.

सकाळपासून एकाही बाईला धड न बसलेला तो झगा तिला मात्र अगदी बेतात बसला.