दोन बोटं जाडीची पट्टी

"ही अ‍ॅक्सिलरेटरवर बसव. आत्ताच्या आत्ता. रविवारी क्लबची रेस आहे."

मेहुल शेठने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकनाथच्या नाकासमोर नाचवली. पट्टी चकचकीत, दोन बोटं जाडीची, परदेशातून मागवलेली. मागे उभी गाडीही परदेशी, लाल, जेमतेम दोन माणसं मावतील अशी. शेठच्या पायात रेसिंगचे खास पातळ तळव्याचे बूट होते आणि गॅरेजातलं ऑइल लागू नये म्हणून त्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तो उतरला होता. असा हा शर्यतीचा वीर!

"हिच्याशिवाय काय अडलंय, शेठ?" एकनाथने विचारलं.

"हील-अँड-टो जमत नाही. कंपनीने पेडलच चुकीचे बसवलेत."

मग शेठने लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. वळणाआधी पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक धरायचा, त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला एक टोला द्यायचा आणि गिअर खाली टाकायचा. म्हणजे गाडी झटका खात नाही. "पण अ‍ॅक्सिलरेटर इतका खाली आहे की टाच पोचतच नाही. जाऊ दे, तुला नाही कळायचं. तू टेम्पोवाल्यांचा मेकॅनिक."

एकनाथ सातपाटीचा. बोटींच्या इंजिनात हात काळे करत मोठा झाला, आणि पंचवीस वर्षं शिरगावच्या रस्त्याला त्याचं हे गॅरेज. त्याने इंजिन चालू केलं, खाली वाकून हाताने ब्रेक खच्चून दाबला. ब्रेक खाली गेला आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबरीला येऊन थांबला.

"पेडल बरोबर हायेत, शेठ. ब्रेक जोरात दाबला की दोनी एका पातळीला येतात. तुमी दाबतच नाय."

शेठचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

"आनि ही पट्टी लावली," एकनाथ पुढे म्हणाला, "आनि कोन आडवं आलं, तुमी घाबरून ब्रेक दाबला, तर ब्रेक जाईल खाली नि बूट बसंल पट्टीवर. थांबायच्या टायमाला गाडी पळंल. मी नाय बसवायचा."

"भाषण नको देऊस. पप्पांच्या कारखान्याच्या चार बस तुझ्याकडे दुरुस्तीला येतात ना? उद्यापासून बोईसरला दुसरा मेकॅनिक बघतो."

त्या चार बसवरच एकनाथचं घर चालत होतं. स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसलेली नलू, त्याची बायको, उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बसवा ना मेली ती पट्टी! त्याचं तो बघंल. आपल्या पोटावर कशाला पाय?"

"त्याचं तो बघंल? सकाळी या रस्त्यानं बाया मासळीच्या टोपल्या घेऊन निघतात. तूही निघायचीस ना आदी?"

एकनाथ शेठकडे वळला. "पट्टीशिवाय एक चक्कर मारू. मला जमलं नाय तर सोता बसवून देतो."

शेठ फिस्सकन हसला आणि त्याने पट्टी काउंटरवर टाकली. "चल. पण पाय धू आधी."

एकनाथने नळाखाली पाय धुतले आणि अनवाणीच गाडीत बसला. पिशव्यांसकट शेठ डावीकडे बसला. शिरगावकडचा सरळ रस्ता रिकामा होता. क्लबात कोण कोण येतं, कुणाकडे कुठली गाडी आहे, हे शेठ सांगत होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओरडू लागली. समोर वळण, वळणावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांची रांग. शेठचं क्लबपुराण बंद पडलं.

"एकनाथ... अरे... अहो एकनाथभाऊ!"

एकनाथने ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली बसलं. पायाची उघडी कड जरा अ‍ॅक्सिलरेटरवर कलली, इंजिनाने एक हुंकार दिला, गिअर दुसऱ्यात पडला. झटका नाही, काही नाही. वळण कधी मागे गेलं ते कळलंही नाही. बोंबील लावणाऱ्या बाईने वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही.

गॅरेजात परत येईपर्यंत शेठला घाम फुटला होता. उतरल्यावर मात्र त्याने केसांतून हात फिरवला आणि पुन्हा मालक झाला. "नशीब होतं तुझं. मला शिकवू नकोस. पट्टी बसवतोस की बस काढून नेऊ?"

एकनाथने गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडलं. पायाखालचं कोरं मॅट पुढे रेटलं जाऊन गोळा झालं होतं. त्यावर दोन पाय खोल रुतल्याच्या खुणा होत्या.

"इथं ब्रेक नाय, शेठ," तो म्हणाला. "तरी बघा, केवढा दाबलात. येवढाच जोर तिकडं लावा. पट्टी नाय लागायची."

शेठ मॅटकडे बघत राहिला. नलूही वाकून बघून आली. बघितलं आणि तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती तशीच काउंटरकडे गेली, पट्टी उचलून आणली आणि शेठच्या हातात ठेवली.

"ही न्या तुमची. चारी बस पन न्या," ती म्हणाली. "आनि गाडीत बसायच्या आदी त्या पिशव्या काढा पायातल्या. ब्रेकवरनं पाय घसरंल."