दोनशे यार्डांच्या पलीकडे

"मॅडम, हा मीच," असं म्हणत त्या माणसानं आपला फोन कोर्टातली कारकून ओपल हिच्यापुढं धरला. फोटो, वय, नाव: गार्थ पेलम. खाली लाल अक्षरांत, 'पत्नीच्या संरक्षणाचा हुकूम लागू'. आणि अगदी तळाशी, तो हुकूम कुठंकुठं दाखल आहे ते. दुसरं नाव या काउंटीचं, म्हणजे याच जिल्ह्याचं होतं.

ओपलनं ते दोनदा वाचलं. मूळ हुकूम शहरातल्या कोर्टाचा. त्याची बायको टेसा पोरीला घेऊन इथं लपायला आली, तेव्हा ओपलनंच हुकमाची प्रत इथंही दाखल करून घेतली. वेळ आलीच तर शेरीफला कागद हाताशी असावा म्हणून. मागच्या महिन्यात राज्यानं सगळ्या हुकमांची नोंद इंटरनेटवर जगाला खुली केली. टेसा त्यासाठी संमतीची सही करायला कचरत होती. "कर गं पोरी," ओपल म्हणाली होती, "तुझं नाव कुठं येतंय त्यात? त्याचं तोंड काळं होऊ दे, दुसरी एखादी तरी वाचेल." शहरात काउंटीच्या नावावरून काय डोंबल कळतं? पण इथं अख्ख्या काउंटीत गाव एक आणि शाळाही एकच. हे काही ओपलच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मला हुकूम मोडायचा नाहीये," गार्थ हॅट काढून अदबीनं म्हणाला. "पोरीच्या शाळेपासून दोनशे यार्ड लांब राहा म्हणतात. शाळा कुठंय तेच ठाऊक नसेल, तर चुकून जवळ जायचो की हो मी."

"ते मी सांगू शकत नाही."

"अगं, शाळाच तर विचारतोय बिचारा!" ट्रकच्या नंबरपट्टीसाठी मागं उभ्या असलेल्या वेल्डननं तोंड घातलंच. वाटसरूला वाट दाखवल्याशिवाय या गावात कुणाला घास गोड लागत नाही. "पाण्याच्या टाकीला वळसा घाला. पेंडीचं दुकान लागेल, त्याच्या पुढं शाळाच."

"वेल्डन, तोंड आवर!"

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गार्थनं वेल्डनचा हात हातात घेऊन आभार मानले आणि तो गेला.

वेल्डन भांबावून बघत राहिला. ओपलनं शेरीफच्या कचेरीला फोन लावला. खिडकीतून दिसत होतं, गार्थचा करड्या रंगाचा ट्रक टाकीला वळसा घालून पेंडीच्या दुकानासमोर थांबला.

"मी पार नदीकडच्या टोकाला आहे," डेप्युटी लामार म्हणाला.

"मग दुसऱ्याला पाठव!"

"त्याला त्या नोंदींच्याच कामाला जुंपलाय. राजधानीनं काम पाठवलं, माणूस कुठं पाठवला? आज तो शहरात शिकायला गेलाय, नोंदी कशा चढवायच्या ते. बरं, तो इसम शाळेपासून किती लांब आहे?"

"दुकानापाशी. दोनशेच्या पलीकडंच असेल."

"म्हणजे तो कायदा पाळतोय, ओपल. निघतो मी, पण येऊन तरी काय करू?"

टेसा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ओपलनं शाळेत फोन लावून तिला फोनवर बोलावलं.

"तो आलाय गं. दारं लावून घ्यायला सांग. पोरीला जवळ घे."

टेसा रडली नाही, ओरडलीही नाही. मागं ताटल्यांचा आवाज चालू होता.

"कुठंय?"

"पेंडीच्या दुकानासमोर. ट्रकमध्ये बसलाय."

"बसू दे. त्याला बसायची सवय आहे."

"माझंच चुकलं गं," ओपल रडकुंडीला आली. "मी जज्जांच्या हातापाया पडते, नोंद आजच काढायला लावते. आणि दुसरीकडं तुझी सोय करते. तिथल्या कोर्टात माझी ओळख आहे. गेल्या गेल्या हुकमाची प्रत—"

"नको, मिस ओपल," टेसा हळूच म्हणाली. "आता कुठंही गेले तरी तो कागद कुणाला दाखवायचा नाही. इथं दाखल करेपर्यंत मी त्याला सापडले नव्हते."